ट्रॅपिस्ट मठात मौनाची शपथ घेतात का?

'ट्रॅपिस्ट मठातले कॅथलिक संन्यासी आजन्म मौनाची शपथ घेतात; बाहेरच्या जगाशी त्यांचा पत्रानेही संबंध उरत नाही,' असा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे. हे मठ खरोखरच फार शांत असतात, त्यामुळे असा समज होणं स्वाभाविक आहे. पण मौनाची शपथ तिथे नसते.

हे मठ ज्या बेनेडिक्टाइन नियमावलीवर चालतात, ती सहाव्या शतकातली आणि छोटीशी आहे. तिचं 58वं प्रकरण वाचा. वचनं तीनच: त्याच मठात स्थिर राहणं, मठजीवनानुसार स्वतःला घडवणं आणि आज्ञापालन. मौन 6व्या प्रकरणात येतं, तेही शिस्त म्हणून. 54वं प्रकरण तर सांगतं की मठप्रमुखाच्या परवानगीशिवाय पत्र स्वीकारू नये. म्हणजे परवानगीने पत्रव्यवहार चालत असे.

बंधनं मात्र खरी होती, जाचकही. कामापुरतं हातांच्या खुणांनी बोलत. पत्रं वरिष्ठ वाचत. तरीही अमेरिकेत केंटकीतल्या एका ट्रॅपिस्ट लेखकाने कवींना, विचारवंतांना, इतर धर्मांच्या अभ्यासकांना हजारो पत्रं लिहिली. ती अभिलेखागारांत जपलेली आहेत. अशा संग्रहाच्या सूचीत पत्रलेखकांची नावं आणि तारखा असतात; 1950 आणि 1960च्या दशकांतल्या नोंदी चाळल्या की मठातून बाहेर गेलेला संवाद दिसतो.