ट्रॅक्टोग्राफीत न दिसलेले तंतू

मेंदूतली गाठ काढताना ती किती मोठी आहे यापेक्षा तिला खेटून काय जातंय, हे जास्त महत्त्वाचं असतं. हाताच्या हालचाली, बोलणं, नजर या सगळ्यांचे संदेश वाहणारे तंतूंचे जुडगे श्वेतद्रव्यातून, म्हणजे मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागातून जातात. पण साध्या एमआरआयवर आणि शस्त्रक्रियेच्या सूक्ष्मदर्शकाखालीही सगळं सारखंच पांढरं दिसतं. एक जुडगा कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, ते नजरेला कळत नाही.

यावरचा उपाय पाण्यात सापडला. पाण्याचे रेणू तंतूच्या लांबीच्या दिशेने सहज सरकतात, आडवे मात्र अडतात. या फरकावरून तंतूंची दिशा काढण्याची डिफ्यूजन टेन्सर इमेजिंग म्हणजेच डीटीआय ही पद्धत बॅसर, मॅटिएलो आणि ल बिहान यांनी 1994 मध्ये मांडली. किमान सहा दिशांना मोजमाप घेतलं की काम भागतं, त्यामुळे ती रुग्णालयांत झपाट्याने रुळली. दिशा एकमेकींना जोडून तंतूंच्या वाटा रेखाटणं म्हणजे ट्रॅक्टोग्राफी.

अडचण मोजमापाच्या आकारात आहे. एमआरआय मेंदूचे छोटे ठोकळे पाडून प्रत्येकाचं एकत्र मोजमाप घेतं. असा एक ठोकळा साधारण 2 मिलिमीटरचा, तर तंतूची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास. एका ठोकळ्यात लाखो तंतू मावतात आणि डीटीआय त्या सगळ्यांची मिळून एकच मुख्य दिशा सांगते. श्वेतद्रव्याच्या बहुतांश ठोकळ्यांत तर तंतू एकमेकांना छेदत असतात! हालचालींच्या मुख्य मार्गाचंच बघा. पायाकडे जाणारे तंतू जवळजवळ सरळ खाली उतरतात आणि चित्रात छान उमटतात. हात आणि चेहऱ्याचे तंतू बाजूने येतात, वाटेत दुसऱ्या मोठ्या जुडग्याला छेदतात आणि चित्रातून गायब होतात. गाठीभोवती सूज असेल तर पाणी सगळीकडेच मोकळं फिरतं आणि रेषा तिथेच तुटते. तंतू मात्र जागेवर शाबूत असू शकतात. सर्जनने चित्रावर विसंबून तिथे कापलं, तर रुग्णाचा हात जाईल.

एका ठोकळ्यातल्या अनेक दिशा वेगळ्या काढणाऱ्या नव्या पद्धती, उदाहरणार्थ स्फेरिकल डिकॉन्व्होल्यूशन, हे हरवलेले तंतू बऱ्याच अंशी दाखवतात. त्यासाठी अनेक दिशांना मोजावं लागतं, वेळ वाढतो आणि रुग्णाला डोकं न हलवता पडून राहावं लागतं. शिवाय खोट्या वाटाही वाढतात. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तुलनेत 20 गटांना 25 ज्ञात जुडगे असलेल्या कृत्रिम मेंदूचा डेटा दिला होता. बहुतेकांना खरे जुडगे निदान अंशतः सापडले, पण न असलेले जुडगे त्याहून कितीतरी जास्त निघाले.

म्हणून चित्र किती सुबक दिसतं यावरून पद्धत निवडू नये, असं मला ठामपणे वाटतं. खरी कसोटी शस्त्रक्रियेतच लागते. सर्जन बारीक विद्युतप्रवाह देऊन बघतो: बोट हललं किंवा जागा असलेला रुग्ण बोलता बोलता अडखळला, तर तंतू जवळच आहे. हालचालींच्या मार्गासाठी ढोबळ हिशेब 1 मिलिअँपिअरला 1 मिलिमीटर अंतर असा धरतात. कवटी उघडल्यावर मेंदू सरकतो, कधी सेंटिमीटरभरही, आणि आधी काढलेला नकाशा तेवढाच चुकतो.

चित्रात रेषा दिसली तर सावध व्हायला ती पुरेशी आहे. रेषा दिसली नाही, म्हणून कापायला मोकळीक मिळत नाही. तिथे विद्युतप्रवाहाने तपासूनच पुढे जावं लागतं.