अल्जिब्रा : संज्ञेचा उगम

गणिताच्या ज्या शाखेला मराठीत बीजगणित म्हणतात, तिचे युरोपीय भाषांतील ‘अल्जिब्रा’ हे नाव ‘अल्-जब्र’ या अरबी शब्दापासून आले आहे. ‘अल्’ हे अरबीतील निश्चयार्थक उपपद असून ‘जब्र’ म्हणजे मोडलेले सांधणे, उणे पडलेले भरून काढणे. हे मुळात कोणत्याही शास्त्राचे नाव नव्हते. समीकरण सोडवताना करावयाच्या एका क्रियेचे ते नाव होते, आणि तेच पुढे संपूर्ण शाखेला चिकटले.

गणितात हा शब्द रूढ झाला तो मुहम्मद इब्न मूसा अल्-ख्वारिझ्मी (सु. ७८०–८५०) याच्या ग्रंथामुळे. अब्बासी खलिफा अल्-मामून (कारकीर्द ८१३–८३३) याच्या प्रोत्साहनाने बगदादमध्ये लिहिलेल्या या ग्रंथाचे शीर्षक ‘अल्-किताब अल्-मुख्तसर फी हिसाब अल्-जब्र वल्-मुकाबला’, म्हणजे जब्र आणि मुकाबला यांच्या साहाय्याने करावयाच्या गणनेचा संक्षिप्त ग्रंथ, असे आहे. मराठी वाचकाला यातील ‘जब्र’ हाच शब्द काय तो अडेल. किताब, हिसाब (मराठीत हिशेब) आणि मुकाबला हे शब्द फारसीच्या वाटेने मराठीत कधीच मुरले आहेत. ग्रंथकार अज्ञात राशीच्या वर्गाला ‘माल’ म्हणतो, तोही आपल्या ओळखीचा. वर्गमूळाला तो ‘जिझ्र’, म्हणजे झाडाचे मूळ, आणि अज्ञात राशीला नुसते ‘शय’, म्हणजे वस्तू, असे म्हणतो. ग्रंथात चिन्हे मुळीच नाहीत. सारी समीकरणे वाक्यांत मांडली आहेत.

शीर्षकातील दोन्ही क्रिया ग्रंथातील उदाहरणांवरूनच नीट उलगडतात. १० चे असे दोन भाग करावयाचे, की एका भागाचा वर्ग दोन्ही भागांच्या गुणाकाराच्या चौपट भरेल. यातील पहिला भाग म्हणजे ‘मूळ’ आणि त्याचा वर्ग म्हणजे ‘वर्ग’ मानून मांडणी केल्यावर एका बाजूला एक वर्ग आणि दुसऱ्या बाजूला ‘४० मुळे (मुळाची ४० पट), उणे ४ वर्ग’ असे येते. ही ४० मुळे ४ वर्गांनी तुटकी आहेत. ती तूट भरून काढली आणि तितकेच वर्ग पहिल्या बाजूतही मिळवले, की ५ वर्ग बरोबर ४० मुळे असे समीकरण होते व मूळ ८ येते. तूट भरण्याची ही क्रिया म्हणजे जब्र. मुकाबल्यात दोन्ही बाजूंची सजातीय पदे समोरासमोर आणून समान भाग वजा करतात : ‘५० आणि एक वर्ग’ बरोबर ‘२९ आणि १० मुळे’ असेल, तर दोन्हीकडून २९ काढल्यावर ‘२१ आणि एक वर्ग’ बरोबर १० मुळे उरतात.

जब्राला शीर्षकात मानाचे स्थान मिळावे, याचे कारण अल्-ख्वारिझ्मीच्या पद्धतीतच आहे. त्याने समीकरणांचे सहा प्रमाणित प्रकार ठरवले आणि त्या सहांत कोणतेही पद उणे असून चालत नाही. त्यामुळे प्रत्येक उदाहरण प्रथम जब्राने निस्तरून, मग मुकाबल्याने आटोपशीर करून, या सहांपैकी एका साच्यात आणावे लागते. भारतीय परंपरेत ही अडचण नव्हती. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्येच धन व ऋण राशींचे नियम दिले होते, आणि एका बाजूचे पद दुसरीतून वजा करण्याच्या ‘समशोधन’ या एकाच क्रियेत जब्र व मुकाबला या दोहोंचे काम होऊन जाई. ‘बीजगणित’ ही संज्ञाही अरबीचे भाषांतर नसून स्वतंत्र आहे. भास्कराचार्यांच्या ११५० मधील ‘सिद्धान्तशिरोमणि’ ग्रंथाच्या एका भागाचे ते नाव आहे.

अरबीत ‘जब्र’ हा शब्द गणितापुरता कधीच नव्हता. हाड बसवणारा तो ‘मुजब्बिर’, मोडलेल्या हाडाला बांधावयाच्या कामट्या म्हणजे ‘जबीरा’. सक्ती हाही त्याच धातूचा अर्थ असून ‘अब्दुल जब्बार’ या नावातील ‘जब्बार’ त्यातूनच येतो. मात्र मराठीतील ‘जबरदस्त’ याच्याशी त्याचा संबंध जोडणे चुकीचे ठरेल, कारण तेथील ‘जबर’ हा ‘वरचा’ या अर्थाचा फारसी शब्द आहे. स्पॅनिशमध्ये हाडवैद्याचा अर्थ दीर्घकाळ टिकला : सर्वांतेसच्या ‘दोन किहोते’ या कादंबरीच्या १६१५ मध्ये निघालेल्या दुसऱ्या भागात घोड्यावरून पडलेल्या सान्सोन कार्रास्कोवर उपचार करणारा ‘आल्हेब्रिस्ता’ गणिती नसून हाडवैद्य आहे.

युरोपात गणिती संज्ञाही स्पेनमार्गेच शिरली. चेस्टरच्या रॉबर्टने ११४५ मध्ये सेगोव्हिया येथे आणि त्याच शतकात क्रेमोनाच्या जेरार्डने टोलेडो येथे हा ग्रंथ लॅटिनमध्ये आणला. पारिभाषिक शब्द तसेच ठेवल्यामुळे लॅटिनमध्ये ‘अल्जेब्रा’ व ‘अल्मुकाबला’ ही जोडी रुळली. कालांतराने तिच्यातील दुसरा शब्द गळाला. अरबी अर्थ विसरला गेल्यावर ‘जेबर’ नावाच्या कोणा अरब विद्वानाने हे शास्त्र शोधले म्हणून त्याचे नाव पडले, अशी व्युत्पत्तीही सांगितली जाऊ लागली. ती निराधार आहे. ज्याचे नाव खरोखर गणितात राहिले तो अल्-ख्वारिझ्मीच : त्याच्या नावाचे लॅटिन रूप ‘अल्गोरित्मी’ हेच ‘अल्गोरिदम’चे मूळ.

इटालियनांनी ‘शय’चे भाषांतर ‘कोसा’ असे केले. त्यावरून जर्मनीत या शास्त्रालाच ‘कॉस’ म्हणत आणि क्रिस्टोफ रुडोल्फचे १५२५ मधील पुस्तक याच नावाने ओळखले जाते. फ्रेंच गणिती फ्रान्स्वा व्हिएत याला अरबी नाव रुचले नाही. १५९१ मध्ये राशींसाठी अक्षरे वापरण्याची पद्धत मांडताना त्याने ‘विश्लेषण’ या अर्थाची ग्रीक संज्ञा पसंत केली. ती संज्ञा पुढे गणिताच्या दुसऱ्याच शाखेकडे गेली आणि व्हिएतच्या पद्धतीला मात्र ‘अल्जिब्रा’ हेच नाव राहिले.

भारतात दोन्ही परंपरा नंतर पुन्हा एकत्र आल्या. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’चा फारसी अनुवाद वास्तुविशारद उस्ताद अहमद लाहोरीचा पुत्र अताउल्लाह रशीदी याने १६३४–३५ मध्ये शाहजहानसाठी केला. हेन्री टॉमस कोलब्रुकने १८१७ मध्ये ब्रह्मगुप्त व भास्कराचार्य यांच्या गणिताचा इंग्रजी अनुवाद लंडनमध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा त्याच्या शीर्षकातील पहिला शब्द ‘अल्जिब्रा’ हा होता. अल्-ख्वारिझ्मीचा मूळ अरबी ग्रंथ ऑक्सफर्डच्या हस्तलिखितावरून इंग्रजी भाषांतरासह छापला गेला तो त्यानंतर, १८३१ मध्ये, फ्रेडरिक रोझेनच्या हातून.