इंदूर नावाचं खत

फेब्रुवारीतल्या एका सकाळी आमच्या गच्चीवरच्या निळ्या ड्रमातून कुजक्या अंड्यांचा वास यायला लागला. "आपल्या घरात अंडं येतच नाही," हे आईनं मला तीनदा ऐकवलं, जणू मीच ते चोरून आणलं होतं. इंदूरच्या राजेंद्रनगरात गच्च्या एकमेकींना चिकटलेल्या. दुपारपर्यंत शेजारच्या काकूंनीही नाकाला पदर लावून चौकशी केली.

ड्रमात होतं काय? मटारचा मोसम, म्हणून पंधरा दिवसांची मटारची टरफलं, मेथीच्या काड्या, चहाचा चोथा, उरलेले पोहे. सगळं ओलं, दाबून भरलेलं आणि वर घट्ट झाकण. आतला ऑक्सिजन संपला की तो लागणारे जिवाणू मागे पडतात आणि ज्यांना तो नकोच असतो त्यांचं राज्य सुरू होतं. त्यांतले काही ऑक्सिजनची गरज सल्फेटवर भागवतात आणि हायड्रोजन सल्फाइड बाहेर सोडतात. तोच हा वास.

मला लाज वाटली ती वेगळ्याच कारणानं. कंपोस्टच्या ज्या पद्धतीला जगभर 'इंदूर पद्धत' म्हणतात, ती माझ्या गच्चीपासून काही किलोमीटरवर तयार झाली. इंदुरी माणसाला खत जमू नये म्हणजे त्याच्या हातून पोह्यांचा गिचका व्हावा तसं.

अल्बर्ट हॉवर्ड हा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ 1924 मध्ये इंदूरला आला. त्याआधी 1905 पासून तो बिहारमधल्या पुसा इथल्या सरकारी संशोधन संस्थेत होता. तिथली त्याची तक्रार आजच्या कुठल्याही पीएचडीवाल्याला ओळखीची वाटेल: कीड एका विभागाकडे, बुरशी दुसऱ्याकडे, माती तिसऱ्याकडे. शेतात उभं असलेलं झाड मात्र एकच, आणि ते कोणाचंच नाही. इंदूरला त्याला मोकळीक मिळाली. होळकर दरबारानं सुमारे 300 एकर जमीन दिली, कापूस समितीनं आणि मध्य भारतातल्या संस्थानांनी पैसा दिला आणि 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री' उभी राहिली. आज तिथे कृषी महाविद्यालय आहे. पत्नी गॅब्रिएल ही स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ. दोघांनी मिळून काम केलं, 1930 मध्ये ती वारली. पुढच्याच वर्षी या पद्धतीवरचं पुस्तक आलं आणि त्यावर लेखकांची नावं दोन होती. दुसरं नाव वाचून इंदूरचा कुठलाही मराठी माणूस थबकेल: यशवंत वाड. संस्थेच्या रसायन विभागातले मुख्य सहायक. हॉवर्ड 1934 मध्ये 'सर' झाला, सेंद्रिय शेतीचा आद्यपुरुष म्हणून जगभर गाजला. वाडांचं नाव मात्र गळत गळत तळटिपेत गेलं. मला ते खुपतं, कारण त्या ढिगातलं निम्मं गणित रसायनाचं आहे.

ते गणित असं. जिवाणूच्या शरीरात नायट्रोजनच्या एका भागामागे कार्बनचे साधारण आठ भाग असतात. पण घर बांधायचं तर मजुरांची भाकरीही लागते. आठ भाग अंगाला लावायचे तर त्याच्या दुप्पट कार्बन ऊर्जेसाठी जाळावा लागतो. आठ आणि सोळा, झाले चोवीस. म्हणून ढीग लावताना कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण 25 ते 30 ला 1 असं ठेवतात. गव्हाचा भुसा 80 च्या आसपास असतो, तो नुसता ठेवला तर वर्षभर तसाच पडून राहील. माझी मटारची टरफलं 20 च्याही खाली. त्यात नायट्रोजन जास्त झाला की तो अमोनिया होऊन उडून जातो. म्हणजे खत नाकात, कुंडीत नाही. गल्लीतल्या कडुनिंबाखाली पडलेला पाचोळा मी पोत्यानं भरून आणला तेव्हा काकूंना वाटलं, पोरगं बिघडलं. चार दिवसांत वास गेला.

हॉवर्ड आणि वाड यांच्यापुढे मटार नव्हते, पऱ्हाट्या होत्या. माळव्यात कपाशी निघाली की उरणाऱ्या या काड्या लाकडासारख्या कडक, त्या कुजणार कशा? त्यांनी यंत्र मागवलं नाही. पऱ्हाट्या शेतातल्या गाडीवाटेवर पसरून ठेवल्या. येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्यांच्या चाकांनी आणि बैलांच्या खुरांनी त्या चिरडल्या गेल्या. मग त्या गोठ्यात जनावरांखाली अंथरल्या, शेण-मूत्रानं भिजल्या, आणि मगच खड्ड्यात गेल्या. वर गोठ्यातली मूत्र मुरलेली माती, लाकडाची राख, पाणी. मला या सगळ्यातली सर्वांत देखणी गोष्ट ती गाडीवाट वाटते. ज्या वाटेवरून गाड्या तशाही जाणारच होत्या, तिचाच चुरा करायचा कारखाना झाला. इंजिनिअरिंग याहून वेगळं काय असतं?

खड्डे उथळ ठेवले, कारण खोलात हवा पोचत नाही. पावसाळ्यात खड्ड्यांत पाणी भरतं, म्हणून तेव्हा जमिनीवरच ढीग. ठरावीक दिवसांनी तीनदा उलटापालट, आणि तीन महिन्यांत खत. आपला परंपरागत उकिरडा हेच काम करायला वर्ष खातो, शिवाय वाटेत बराच नायट्रोजन घालवून बसतो.

नीट लावलेला ढीग दोन-तीन दिवसांत तापतो, आत 60 अंशांपर्यंत जातो. मी ड्रमात थर्मामीटर खुपसून पाहिला: 38. माझं प्रमाण बरोबर असूनही! कारण आकार. ढीग लहान असला की त्याच्या आकारमानाच्या मानानं पृष्ठभाग मोठा, तयार झालेली उष्णता लगेच निसटते. परातभर भात पटकन निवतो, पातेल्यातला गरम राहतो, तसंच. साधारण एक घनमीटर ढीग असेल तर तो आपली ऊब धरून ठेवतो. इथेच वैद्यकाचा संबंध येतो: 55 अंश तापमान सलग तीन दिवस टिकलं की बहुतेक रोगजंतू आणि जंतांची अंडी मरतात. माझ्या 38 अंशांत त्यांचा उन्हाळी मुक्काम झाला असता. आणखी एक गोष्ट: तापलेल्या ढिगात वाढणाऱ्या बुरशीचे बीजाणू ढीग उलटताना धुळीबरोबर उडतात आणि रोज ती धूळ छातीत घेणाऱ्याला फुप्फुसाचा आजार होऊ शकतो. खताची स्तुती करणारे बहुतेक जण फावडं धरणाऱ्याच्या तोंडावर फडकं आहे का, हे बघत नाहीत.

आता शहराच्या कडेला, देवगुराडियाकडे. एकेकाळी तिथे कचऱ्याचे डोंगर होते. फेब्रुवारी 2022 मध्ये तिथे दिवसाला 550 टन ओला कचरा घेणारा बायो-सीएनजी प्रकल्प सुरू झाला. माझ्या ड्रमात जे चुकून घडलं ते तिथे मुद्दाम घडवतात: बंद टाकी, ऑक्सिजन शून्य. जिवाणूंच्या एका टोळीनं पिष्ट-प्रथिनं फोडायची, दुसरीनं त्यांची आम्लं करायची, शेवटच्या टोळीनं मिथेन. निघणाऱ्या वायूत मिथेन साधारण 55-60 टक्के, बाकी मुख्यतः कार्बन डायऑक्साइड, आणि आमच्या काकूंच्या ओळखीचा हायड्रोजन सल्फाइड. तो लोखंड खातो, म्हणून आधी काढावा लागतो. दिवसाला सुमारे 17,000 किलो सीएनजी आणि 100 टन खत ही त्याची क्षमता. तो सीएनजी शहराच्या बसगाड्यांत जातो.

पण खतावर गाडी अडते, आणि ती अर्थशास्त्रामुळे अडते. 45 किलोच्या युरियाच्या पोत्यात 46 टक्के नायट्रोजन, म्हणजे जवळपास 21 किलो. कर आणि कडुनिंबाच्या लेपाचा खर्च वगळता किंमत 242 रुपये. शहरी खतात नायट्रोजन एक टक्का धरला तर तेवढ्याच नायट्रोजनसाठी दोन टन खत लागेल. पोतं स्कूटरवर येतं, दोन टनांना ट्रॉली लागते. 2016 मध्ये केंद्रानं शहरी खताला टनामागे 1,500 रुपयांचं साहाय्य जाहीर केलं ते याच अडचणीमुळे. माझ्या मते नायट्रोजनच्या तराजूत खत तोलणंच चुकीचं आहे. उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या माळव्याच्या काळ्या मातीला ह्यूमस, म्हणजे खतातला पूर्ण कुजून उरलेला काळा अंश, जी भुसभुशीत घडण देतो, ती युरिया देत नाही. पण त्याचा भाव कुठल्या पावतीवर छापलेला नसतो, आणि शेतकऱ्याला कर्ज पावतीवरच फेडायचं असतं.

राऊच्या टेकडीवर आयआयएम, सिमरोलला आयआयटी, एमवाय हॉस्पिटलशेजारी मेडिकल कॉलेज, आणि हॉवर्ड-वाडांच्या जागेवर कृषी महाविद्यालय. खताच्या या कोड्याला लागणारी सगळी शास्त्रं एका शहराच्या आसपास. कचरागाडी सगळ्यांच्या दारावरून जाते.

मे महिन्यात माझं खत तयार झालं. काळं, भुरभुरीत, पहिल्या पावसाच्या वासाचं. दहा किलो भरलं. चाळणीनं चाळताना खडा लागला म्हणून उचलला, तर तो घड्याळात असतो तसा बटण सेल निघाला, गंजलेला. भाच्याच्या खेळण्यातला असणार.

कायद्यानं खतात पाऱ्याची मर्यादा किलोमागे 0.15 मिलिग्रॅम आहे. माझ्या दहा किलोंत मिळून दीड मिलिग्रॅम. जुन्या बटण सेलमध्ये काही मिलिग्रॅम पारा असायचा. कॅडमियमला किलोमागे 5, शिशाला 100 मिलिग्रॅम, तेही याच यादीत. ढीग 60 अंशांवर जाऊ दे नाहीतर आणखी वर, जंतू मरतील. पारा मरत नाही, शिसंही नाही. ते आत येऊच नये याला एकच उपाय, तो म्हणजे दारातच कचरा वेगळा करणं. आमच्या कचरागाडीला त्यासाठी सहा कप्पे आहेत आणि तरीही माझ्याच घरातून सेल ओल्यात गेला.

दुसऱ्या दिवशी सेल आणि खताचं पोतं दोन्ही घेऊन मी गाडीशी गेलो. सेल गाडीवाल्यानं घातक कचऱ्याच्या कप्प्यात टाकला. पोत्यात हात घालून वास घेतला आणि म्हणाला, "भिया, ये तो मिट्टी है, ये नहीं लेते."

मेथीच्या वाफ्यासाठी केलेलं ते खत शेवटी मोगऱ्याला घातलं.