कप्पे दहा, शेवटचा मात्र नववा

फोंड्यात माझ्याकडे सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला येणारी मुलं दर वर्षी एकाच जागी अडखळतात. ‘इंट गुण[१०]’ असा ॲरे, म्हणजे एका नावाची दहा कप्प्यांची रांग, जाहीर केला, मग गुण[१०] म्हटलं तर चुकलं कुठे? सीमध्ये कप्पे गुण[०] ते गुण[९] असतात. चूक त्यांची कमी, इतिहासाची जास्त.

१९५७ साली आयबीएमच्या जॉन बॅकस यांच्या गटाने फोरट्रान ही भाषा आणली, ती गणितातल्या मॅट्रिक्सच्या वळणाने. ‘डायमेन्शन ए(१०)’ म्हणजे पहिला कप्पा १, शेवटचा १०. अल्गोल ६० या भाषेत तर दोन्ही टोकं लिहायची: [१:१०], हवं तर [-५:५]. मला अजून हीच पद्धत सरळ वाटते.

शून्य आलं ते यंत्राच्या बाजूने. मार्टिन रिचर्ड्स यांच्या १९६७ च्या बीसीपीएल या भाषेत ॲरे म्हणजे मेमरीतला एक पत्ता आणि इंडेक्स, म्हणजे कप्प्याचा क्रमांक, हे तिथून पुढचं अंतर. फोंड्याच्या बसस्टँडवर उभं राहून फोंडा किती लांब विचारलं, तर उत्तर शून्यच. म्हार्दोळ, बाणस्तारी त्यापुढे. पोराला ‘दुसरं लागलं’ म्हणतो तेव्हाही पूर्ण झालेलं वर्ष एकच असतं. गंमत म्हणजे बीसीपीएलमध्ये ॲरेसाठी ‘वेक १०’ लिहिलं की ११ कप्पे मिळत, ० ते १०. आकडा शेवटच्या इंडेक्सचाच.

बीसीपीएलवरून केन थॉम्पसन यांची बी ही भाषा आणि तिच्यावरून १९७२ च्या सुमारास डेनिस रिची यांची सी आली. सीमध्ये तोच कंस जाहीर करताना कप्प्यांची संख्या सांगतो आणि वापरताना अंतर. गोंधळाचं मूळ हे. पत्ता अधिक अंतर एवढाच हिशेब असल्याने ‘गुण[५]’ ऐवजी ‘५[गुण]’ असं उलटं लिहिलं तरी चालतं! हद्दीची तपासणीही सी करत नाही. गुण[१०] मागितलं, तर बहुधा शेजारच्या जागेत जे पडलं असेल ते उचलून देते.

तर्कशुद्ध समर्थन मागाहून आलं. १९८२ मध्ये डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी एका टिपणात दाखवलं, की खालचं टोक धरून वरचं वगळलं तर दोन टोकांतली वजाबाकी हीच कप्प्यांची संख्या होते. मग ० पासून मोजलं की वरचं टोक थेट संख्येइतकं. जावा, पायथन या भाषा त्याच वाटेवर आहेत. मॅटलॅब, आर, लुआ, ज्युलिया मात्र १ वर.

आणि मायक्रोसॉफ्टच्या व्हीबी डॉट नेट या भाषेत ‘डिम ए(१०)’ लिहिलं की आजही ११ कप्पे मिळतात. सी पक्की झालेली मुलं त्या दिवशी पुन्हा माझ्या दारात.