महासंगणकाचे ट्यूनिंग : भर गणितावरून मेमरीवर कसा गेला

महासंगणकाची ताकद फ्लॉप्समध्ये (सेकंदाला होणाऱ्या अपूर्णांकी गणिती क्रिया) सांगायची रूढी जुनी आहे. प्रोग्रॅम ट्यून करणाऱ्याचा वेळ मात्र बाइट, म्हणजे मेमरीतून ये-जा करणारा डेटा, मोजण्यातच जातो. ही तफावत कशी वाढत गेली, ते एकाच लूपवरून (पुन्हा पुन्हा चालणारा कोडचा तुकडा) दिसते.

अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत १९७६ साली पहिले क्रे-१ यंत्र बसले. त्याच्या घड्याळाचा एक ठोका १२.५ नॅनोसेकंदांचा. प्रत्येक ठोक्याला एक बेरीज आणि एक गुणाकार, म्हणजे कमाल १६० मेगाफ्लॉप्स. मेमरीतून त्याच ठोक्याला ६४ बिटांचा एकच शब्द ये-जा करी. आता ‘क = ख + स × ग’ हे साधे लूप घ्या : प्रत्येक घटकामागे दोन वाचने, एक लेखन आणि दोन गणिती क्रिया. तीन ठोक्यांत दोन क्रिया झाल्या, म्हणजे ५३ मेगाफ्लॉप्स, कमाल वेगाच्या एक तृतीयांश. हेच लूप २०२० मध्ये आलेल्या एनव्हिडिया ए१०० या ग्राफिक्स प्रोसेसरवर चालवा. डबल प्रिसिजनमध्ये (६४ बिटांच्या संख्या) ९.७ टेराफ्लॉप्स, आणि ४० जीबीच्या कार्डाची मेमरी सेकंदाला १,५५५ जीबी. घटकामागे ८ बाइटांच्या तीन संख्या, म्हणजे २४ बाइट हलवायचे, म्हणून वरची मर्यादा सुमारे १३० गिगाफ्लॉप्स. कमाल वेगाचा दीड टक्काही नाही, आणि कोड कितीही घासला तरी त्यात फरक पडणार नाही.

मेमरीची कटकट क्रे-१ वरही होतीच, फक्त तिचे रूप वेगळे होते. मेमरी १६ बँकांत विभागलेली असे आणि एकदा वापरलेली बँक पुढचे चार ठोके अडकून राही. सलग घटक घेतले तर काहीच अडत नसे. पण फोर्ट्रान भाषेत, जिथे मॅट्रिक्स उभ्या स्तंभांच्या क्रमाने साठवतात, ६४×६४ ची मॅट्रिक्स आडव्या ओळीने वाचायला घेतली, की दर वेळी उडी ६४ शब्दांची, म्हणजे बँक तीच, आणि वेग एक चतुर्थांश. उपाय अगदी किरकोळ : पहिली मिती ६४ ऐवजी ६५ जाहीर करायची. हा दोष आजही जिवंत आहे. प्रोसेसरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीत, म्हणजे ३२ केबीच्या, आठ-वे (प्रत्येक सेटमध्ये आठ जागा असलेल्या) एल१ कॅशेत ४,०९६ बाइटांच्या उडीने येणाऱ्या सगळ्या कॅश-ओळी (सलग बाइटांचे तुकडे) एकाच सेटमध्ये पडतात. नवव्या ओळीला जागा करायला आधीची एक बाहेर जाते. ५१२ डबलची (८ बाइटांच्या संख्यांची) मिती ५२० केली की प्रश्न मिटतो. दोनच्या घाताची मापे दिसायला नेटकी असतात, पण अंगलट येतात ती अशी.

तयार गणिती कोडच्या ग्रंथालयांचा (लायब्ररींचा) प्रवासही याच दिशेने झाला. १९७९ चे पहिले ब्लास हे ग्रंथालय व्हेक्टरपुरते होते, १९८८ मध्ये मॅट्रिक्स-व्हेक्टर आणि १९९० मध्ये मॅट्रिक्स-मॅट्रिक्स क्रिया आल्या. या तिसऱ्या, मॅट्रिक्स-मॅट्रिक्स पातळीत घनाच्या प्रमाणात गणित आणि वर्गाच्या प्रमाणात डेटा असतो, म्हणून एकदा आणलेला डेटा पुन्हा पुन्हा वापरता येतो. त्यासाठी मॅट्रिक्सचे कॅशेत मावतील असे ब्लॉक पाडायचे. ३२ केबीत डबलचे तीन चौरस ब्लॉक बसवायचे तर बाजू जास्तीत जास्त ३६, व्यवहारात ३२. समीकरणे सोडवणारे लॅपॅक ग्रंथालय १९९२ मध्ये याच पायावर उभे राहिले.

एमपीआयचे (अनेक यंत्रांतल्या प्रक्रियांनी एकमेकींना निरोप देण्याच्या पद्धतीचे) पहिले मानक आणि नासाच्या गोडार्ड केंद्रातले साधे पीसी जोडून केलेले बेओवुल्फ क्लस्टर, दोन्ही १९९४ ची. तिथून यंत्रे स्वस्त आणि संख्येने मोठी झाली, आणि संख्येचे दुखणे २००३ मध्ये लॉस अलामॉसच्याच एएससीआय क्यू महासंगणकावर उघड झाले. नोडमध्ये (जोडलेल्या यंत्रांपैकी एकात) प्रोसेसर चार, पण मोठ्या जॉबमध्ये सेज हा प्रोग्रॅम चारांपेक्षा तीनच वापरल्यावर जास्त वेगाने चाले. कारण नोडवर अधूनमधून जागे होणारे डेमन, म्हणजे पार्श्वभूमीला चालणारे व्यवस्थेचे प्रोग्रॅम. एकट्या नोडवर त्यांचा खर्च नगण्य, पण ऑलरिड्यूसमध्ये (सगळ्या प्रक्रियांचे आकडे एकत्र करून निकाल सर्वांना देणारी क्रिया) सगळे सर्वांत मागे राहिलेल्यासाठी थांबतात, आणि हजारो प्रक्रियांत कोणी ना कोणी अडलेला असतोच. अनावश्यक डेमन काढले, देखरेखीची वारंवारिता कमी केली, आणि हार्डवेअर न बदलता सेजचा वेग जवळपास दुप्पट झाला. फ्रंटियर महासंगणकावर नोडच्या ६४ कोअरपैकी ८ कोअर आपोआप व्यवस्थेसाठी राखले जातात, ते याच धड्यामुळे.

२००३ मध्येच आलेल्या ऑप्टेरॉन प्रोसेसरने मेमरी कंट्रोलर चिपमध्येच घेतला, आणि कोणती मेमरी कोणत्या सॉकेटजवळ (प्रोसेसर बसण्याच्या जागेजवळ) हा प्रश्न सामान्य सर्व्हरवरही येऊन बसला. लिनक्सवर मेमरीचे पान (ठरावीक मापाचा तुकडा) मिळते ते वाटप करताना नव्हे, पहिल्यांदा लिहिताना, आणि मिळते लिहिणाऱ्या थ्रेडच्या (प्रोग्रॅमच्या समांतर चालणाऱ्या धाग्याच्या) सॉकेटवर. ॲरे एकाच थ्रेडने शून्य केली तर सगळी पाने एका बाजूला साठतात. लक्षण ठरलेले : एका सॉकेटपर्यंत वेग वाढतो, दुसरा जोडला की जागच्या जागी. ॲरे शून्य करणारे सुरुवातीचे लूपही मुख्य लूपच्याच स्टॅटिक (आधीच ठरलेल्या) वाटणीने समांतर चालवावे आणि थ्रेड कोअरला बांधावेत. न बांधलेले थ्रेड सॉकेट बदलतात, मग पाने नीट वाटूनही उपयोग होत नाही.

२००९ च्या रूफलाइन मॉडेलने हा हिशोब एका आलेखावर आणला : दर बाइटमागे किती क्रिया? ए१०० साठी वळणबिंदू, जिथे मर्यादा मेमरीची न राहता गणिताची होते, साधारण ६.२ वर येतो, सुरुवातीचे ‘क = ख + स × ग’ लूप ०.०८ वर आहे. फुगाकू या जपानी महासंगणकाचे लिनपॅक या भरीव मॅट्रिक्सच्या चाचणीतले ४४२ पेटाफ्लॉप्स एचपीसीजी या विरळ मॅट्रिक्सच्या चाचणीत १६ वर येतात, तेही याच कारणाने.