मिशनऱ्यांचे मानसिक आरोग्य आणि ‘टाळता येणारी गळती’ : पार्श्वभूमी

मिशन संस्थांच्या बैठकांत ‘मेंबर केअर’, म्हणजे पाठवलेल्या मिशनऱ्यांची काळजी घेणे, हा शब्द आज सहज कानावर पडतो. नेमणुकीपूर्वीची मानसशास्त्रीय चाचणी, सेवाक्षेत्रावरचे समुपदेशन, अपहरण किंवा हिंसाचारानंतरची मदत, परतल्यावरचे डीब्रीफिंग (अनुभव बोलून मोकळे करण्याची बैठक), मुलांची शाळा, अगदी निवृत्तीनंतरची सोयसुद्धा या दोन शब्दांत कोंबलेली असते. शब्द रूढ झाला तो १९८० आणि १९९० च्या दशकांत. त्याआधी हे काम पाळकाच्या (चर्चच्या धर्मगुरूच्या) भेटीवर आणि प्रार्थनेवर सोपवलेले असे, आणि अनेक ठिकाणी ते होतच नसे.

फार मागे जायचे तर एकच घर पुरेसे आहे. १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापणाऱ्या सेरामपूरच्या मिशनऱ्याची, विल्यम केरीची, पत्नी डोरोथी १७९३ मध्ये मन नसताना जहाजावर चढली. पुढच्याच वर्षी तिचा पाच वर्षांचा मुलगा बंगालात दगावला आणि तिच्या मनाचा तोल गेला तो कायमचा. १८०७ मध्ये मृत्यू येईपर्यंत ती त्याच घरात होती, बराच काळ बंद खोलीत. त्याच छपराखाली बायबलची भाषांतरे चालू होती. जुन्या मिशन-इतिहासांनी भाषांतरांवर पानेच्या पाने लिहिली आणि तिला जेमतेम एखादे वाक्य दिले.

त्या काळातला उपाय म्हणजे हवापालट. मदुराईच्या अमेरिकन मिशनऱ्यांनी १८४५ मध्ये कोडाईकनालला बंगले बांधले, ते मैदानातल्या आजारपणांनी आणि मृत्यूंनी धास्तावून. पुढे ‘न्यूरास्थेनिया’, म्हणजे मज्जातंतूंचा थकवा, हे निदान आले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याला ‘उष्ण कटिबंधातील’ हे विशेषण जोडले गेले. झोप उडणे, चिडचिड, रडू आवरेनासे होणे, कामावरून मन उडणे, हे सारे उन्हाच्या आणि हवेच्या नावावर टाकले जाई. शास्त्र म्हणून ते टिकले नाही. पण दोष हवेचा ठरल्यामुळे माणसाला खालमानेने परतावे लागत नसे. नंतरच्या, अधिक शास्त्रशुद्ध म्हणवणाऱ्या काळात ही सवलत उरली नाही, हे नोंदवायला हवे.

रजेची पद्धतही जुनीच. ‘फर्लो’ हा मुळात लष्करी रजेचा शब्द. मराठी वर्तमानपत्रांत तो आता कैद्यांच्या रजेसाठी येतो. मिशनऱ्याची फर्लो म्हणजे काही वर्षांच्या सेवेनंतर मायदेशी घालवलेला काळ. नावाला विश्रांती, प्रत्यक्षात एका मंडळीतून (चर्चच्या सभासदांच्या समूहातून) दुसऱ्या मंडळीत जाऊन आपल्या श्रद्धेची साक्ष द्यायची, कामाची माहिती सांगायची आणि पुढच्या वर्षांसाठी देणगीदार टिकवायचे. जिथे मिशनरी स्वतःचा निर्वाहखर्च स्वतःच गोळा करतो, तिथे ‘मला नैराश्य आले आहे’ हे वाक्य उत्पन्नावरच येते. त्यामुळे देणगीदारांना पाठवायच्या प्रार्थनापत्रात मलेरिया लिहिला जातो, पाठदुखी लिहिली जाते, नैराश्य लिहिले जात नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर उमेदवारांच्या मानसशास्त्रीय चाचण्या वाढल्या. १९४३ मध्ये प्रसिद्ध झालेली एक मोठी व्यक्तिमत्त्व चाचणी अनेक अमेरिकन संस्थांनी निवडीसाठी वापरली. भर चाळणीवर होता: कच्चा माणूस जाऊच नये. गेलेला माणूस तिथे कच्चा होऊ शकतो, हा विचार सावकाश आला. १९८० पासून इंडियाना राज्यात मानसोपचारतज्ज्ञ आणि मिशन संस्थांचे लोक दरवर्षी एकत्र बसू लागले, तेव्हा त्याला बैठक मिळाली.

आजची सारी चर्चा मात्र ज्या पाहणीवर उभी आहे, ती १९९० च्या दशकाच्या मध्यातली. १४ देश, त्यांत भारतही, ४५३ मिशन संस्था. निष्कर्ष असा की दरवर्षी ५.१ टक्के मिशनरी, म्हणजे वीसांतला एक, सेवाक्षेत्र सोडतो; यालाच ‘गळती’ म्हणतात. आणि या सोडणाऱ्यांपैकी ७१ टक्क्यांची कारणे टाळता येण्याजोगी असतात. १९९६ मध्ये ब्रिटनमध्ये यावर परिषद झाली, १९९७ मध्ये निष्कर्ष पुस्तकरूपाने आले. तेव्हापासून ७१ हा आकडा प्रत्येक प्रशिक्षणात सांगितला जातो. त्याचे श्रेय नाकारता येणार नाही: समुपदेशनासाठी पैसा मागणाऱ्यांच्या हातात त्याने पहिल्यांदा ठोस काही दिले.

अडचण ‘टाळता येण्याजोगी गळती’ या शब्दप्रयोगातच आहे. निवृत्ती, सेवेत असताना मृत्यू, राजकीय उलथापालथीमुळे हकालपट्टी, ही गळती अटळ मानली गेली. सहकाऱ्यांशी न पटणे, संस्थेशी मतभेद, मायदेशातून आधार नसणे, निष्ठा कमी पडणे, ही टाळता येण्याजोगी. पण कोणते कारण कोणत्या रकान्यात जाते, हे कोणी ठरवले? प्रश्नावली भरली ती संस्थांच्या प्रशासकांनी. सोडून गेलेल्यांनी नव्हे. एखाद्या स्त्रीने दोन वर्षे रात्री झोप नसताना काम केले, शेवटी सामान बांधले, तर तिची नोंद आजारात होईल, सहकाऱ्यांशी बेबनावात होईल, की निष्ठेच्या अभावात? उत्तर देणाऱ्याने तिला जसे पाहिले, तशी.

यातला सर्वांत अवघड रकाना ‘पाचारणाचा अभाव’. नव्याने मिशनरी पाठवू लागलेल्या देशांच्या यादीत हे कारण अगदी वरच्या क्रमांकांत आले. पाचारण म्हणजे देवाने त्या कामासाठी बोलावणे. ते नव्हतेच असे ठरले की संस्थेकडे प्रश्न उरत नाही. उलट, खचलेला मिशनरीही पुष्कळदा स्वतःच म्हणतो, ‘माझे इथले पाचारण संपले’, कारण मंडळीसमोर सन्मानाने बाहेर पडायला तेवढे एकच दार उघडे असते. दोन्ही बाजूंनी आजार पाचारणाच्या आड जातो. आणि जो गळलाच नाही, वीस वर्षे आतून कोरडा होऊन राहिला, तो या हिशेबात यशाच्या बाजूला मोजला जातो. गळती हा शब्द भांड्याची काळजी करतो, पाण्याची नाही.

या टीकेतले काही पुढे ऐकले गेले. पुढच्या दशकात २२ देशांत झालेल्या दुसऱ्या पाहणीने प्रश्न फिरवला: लोक का जातात याऐवजी कोणत्या संस्थांत ते टिकतात? मात्र उत्तरे तेव्हाही प्रामुख्याने कार्यालयांतूनच आली.

गोपनीयतेचा वाद याच मुळाचा. समुपदेशकाचे मानधन संस्था देते. मग अहवाल कोणाचा? आता काही ठिकाणी दोन कामे वेगळी ठेवतात: तंदुरुस्तीचा अहवाल देणारा एक, उपचार करणारा दुसरा, आणि दुसऱ्याकडून संस्थेला फक्त भेटींची संख्या कळते. लहान संस्थांना हे परवडत नाही. तिथे क्षेत्रप्रमुख हाच पाळक, वरिष्ठ आणि सांत्वन करणारा असतो.

मुलांचा विषय सर्वांत उशिरा उघडला. कामात अडथळा नको म्हणून मिशनऱ्यांची मुले लहान वयात वसतिशाळांत ठेवली जात. गिनीतील अशीच एक शाळा १९७१ मध्ये बंद झाली. तिथल्या माजी विद्यार्थ्यांनी अत्याचारांबद्दल चिकाटीने आवाज उठवल्यावर १९९० च्या दशकात स्वतंत्र चौकशी झाली. सेनेगलमधील दुसऱ्या एका शाळेचा चौकशी अहवाल २०१० मध्ये आला. ‘त्याग’ या शब्दाखाली आईवडिलांनी काय सोडले याची मोजदाद झाली होती. मुलांनी काय सोसले याची नव्हती.

डीब्रीफिंगचेही पुनर्मूल्यांकन झाले. आघातानंतर लगेच एकाच बैठकीत सगळे बोलून घ्यायला लावण्याने पुढचा त्रास टळतो, याला २००२ मधील मोठ्या वैद्यकीय आढाव्याने आधार दिला नाही. २००५ मध्ये ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांनीही ही पद्धत नेमाने वापरू नये असे सांगितले. मिशनऱ्यांसाठी आता परतल्यानंतर सावकाश होणाऱ्या, बोलण्याची सक्ती नसलेल्या भेटींकडे कल आहे.

२०२० च्या महासाथीत समुपदेशन ऑनलाइन गेले आणि दुर्गम भागांतल्या अनेकांना पहिल्यांदा मिळाले. त्याबरोबर नवे पेच आले. अमेरिकेत समुपदेशकाचा परवाना राज्यापुरता असतो. परदेशात बसलेल्या माणसावर उपचार करण्याचा अधिकार त्यातून मिळतोच असे नाही. ज्या देशांत मिशनकार्याला बंदी आहे, तिथून बोलणाऱ्याला फोनवर ‘चर्च’ हा शब्दही टाळावा लागतो. आपल्याला नेमका कशाचा ताण आहे हे त्याला समुपदेशकालासुद्धा आडवळणाने सांगावे लागते. आणि भाषेचा प्रश्न तसाच आहे. पाठवणारे देश आता आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतलेही आहेत, पण चाचण्या आणि प्रशिक्षणसाहित्य बहुतांशी इंग्रजीत घडलेले आहे. ज्या भाषेत माणूस प्रार्थना करतो, त्या भाषेत त्याचे ऐकणारा प्रशिक्षित समुपदेशक अनेक संस्थांकडे अजून नाही.