विंचू उतरला हे ठरवायचं कशावरून?

लहानपणी आमच्या काकूला विंचू चावला होता. कोकणातलं गाव, पावसाला आठवडाभर बाकी, माळ्यावरची लाकडं खाली काढायचं काम चालू आणि त्यातच हाताला डंख बसला. वाडीत एक आजोबा विंचू उतरवायचे, त्यांना बोलावणं गेलं. ते आले, काहीतरी पुटपुटत खांद्यापासून बोटांपर्यंत हात उतरवत राहिले. काकू अर्धी रात्र कण्हत होती आणि सकाळी बघतो तर चुलीपाशी बसून चहा करतेय. विंचू उतरला असं सगळे म्हणाले, मीही म्हणालो, कारण माझ्या डोळ्यांसमोर घडलं होतं ना सगळं.

खूप वर्षांनी कळलं की विंचू चावलेल्या बहुतेक माणसांना नुसतं दुखतं, भयंकर दुखतं, पण विष अंगभर चढत नाही आणि काही तासांत किंवा फार तर एखाद्या दिवसात दुखणं आपोआप उतरतं. म्हणजे मंत्र टाकला तरी उतरणार, गोळी दिली तरी उतरणार आणि काहीच नाही केलं तरी उतरणारच. आजोबा खोटं बोलत नव्हते, त्यांनी उतरवलेले बहुतेक लोक खरंच बरे झाले होते. फक्त उतरवलं नसतं तर त्या लोकांचं काय झालं असतं हे बघायची कुणाकडेच सोय नव्हती. औषधाची परीक्षा म्हणतात ती सगळी या एका प्रश्नापाशी सुरू होते, आणि मला ती समजली विंचवामुळेच, म्हणून विंचवाचंच उदाहरण घेतो.

कोकणातला लाल विंचू साधा नाही. त्याचं विष अंगात भिनलं की मज्जातंतूंवरचे सोडियमचे दरवाजे उघडेच राहतात आणि अ‍ॅड्रेनलिनसारख्या रसायनांचा शरीरात पूर येतो. रक्तवाहिन्या आवळतात, बीपी चढतं, हृदय त्या दाबाविरुद्ध ढकलून ढकलून थकतं आणि शेवटी फुफ्फुसात पाणी भरतं, तोंडातून गुलाबी फेस येतो. तिथपर्यंत पोचायच्या आधीचा पेशंट असा दिसतो: कपडे भिजतील इतका घाम, उलट्या, तोंडाला लाळ, आणि हातपाय बर्फासारखे गार. यात एक गोष्ट फार घातक आहे, विष असं अंगभर पसरलेल्या माणसाला डंखाच्या जागी कधीकधी फारसं दुखतच नाही. घरच्यांना वाटतं दुखायचं थांबलं म्हणजे उतरला, आणि आत तर हृदयाची लढाई सुरू झालेली असते.

डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले तेव्हा असे पेशंट त्यांच्या डोळ्यांदेखत जात होते. त्या काळी विंचवावर काय काय दिलं जायचं, अ‍ॅलर्जीची औषधं, स्टिरॉइड, झोपेची इंजेक्शनं, अ‍ॅट्रोपिन. यातल्या प्रत्येकाचा कुणाला तरी गुण आलेला होताच, काकूला आजोबांचा आला होता तसाच. पण अ‍ॅट्रोपिनने घाम थांबतो आणि नाडी मात्र आणखी पळते, म्हणजे आधीच दमलेल्या हृदयाला वर आणखी चाबूक. बावस्करांनी पेशंटच्या खाटेशी तासन् तास बसून नाडी, बीपी, घाम, हातापायांची थंडाई टिपून ठेवली, आणि आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारी बीपीची एक स्वस्त गोळी, प्राझोसिन, वापरून बघितली. १९८६ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यावरचं टिपण छापून आलं. पूर्वी गंभीर पेशंटांमधले शंभरातले तीस-चाळीस जायचे, ते प्रमाण नंतरच्या वर्षांत एकाच्या आसपास आलं. त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर या सगळ्या कामात बरोबरीने होत्या.

आता इथे कुणी म्हणेल की ही तर आधीची आणि नंतरची तुलना झाली. त्या काळात रस्ते सुधारले, लोक लवकर यायला लागले, मग श्रेय नेमकं गोळीचं कशावरून? प्रश्न अगदी बरोबर आहे. माझं मत असं की फरक जेव्हा चाळीसावरून एकावर येतो आणि औषध नेमकं कुठे काम करतं तेही स्पष्ट असतं, तेव्हा अशी तुलनाही पुष्कळ काही सांगते. पण बहुतेक औषधांचा फरक इतका मोठा नसतोच, आणि तिथे आधी-नंतर करायला गेलं की माणूस हमखास फसतो.

पुढचा प्रश्न असाच होता. विंचवाच्या विषावरचं प्रतिविष, म्हणजे घोड्याला थोडं थोडं विष टोचून त्याच्या रक्तातून काढलेलं औषध, ते प्राझोसिनच्या जोडीला दिलं तर जास्त फायदा होतो की पैसे आणि वेळ वाया? गोळी विषाचे परिणाम आवरते, प्रतिविष रक्तातलं विषच पकडतं, त्यामुळे कागदावर तर दोन्ही मिळून उत्तम वाटतं. कागदावर उत्तम वाटलेली कितीतरी औषधं पेशंटच्या अंगात गेल्यावर फुकट गेलेली आहेत, म्हणून बावस्करांनी महाडच्या आपल्या दवाखान्यात ट्रायल, म्हणजे औषधाची रीतसर परीक्षा, केली आणि ती २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली.

तिची रचना नीट बघण्यासारखी आहे. ७० पेशंट घेतले, सगळे दुसऱ्या पायरीचे, म्हणजे घाम, गार हातपाय वगैरे सुरू झालेले पण हृदय आणि फुफ्फुस अजून बिघडलेली नाहीत असे. ३५ जणांना नुसतं प्राझोसिन, ३५ जणांना प्राझोसिन आणि प्रतिविष. कुणाला काय मिळणार ते डॉक्टरने ठरवलं नाही, चिठ्ठीने ठरलं. हे फार महत्त्वाचं आहे आणि लोकांना हेच सगळ्यात खटकतं, माणसाच्या जिवाचा निर्णय चिठ्ठीवर कसा काय? पण विचार करा, डॉक्टरने ठरवलं असतं तर ज्याची अवस्था जास्त वाईट दिसते त्याला त्याने साहजिकच प्रतिविष दिलं असतं, किंवा जो लवकर पोचला त्याला, किंवा ज्याच्या घरच्यांनी आग्रह धरला त्याला. मग शेवटी दोन गटांत फरक दिसला तरी तो औषधाचा की आधीपासूनचाच हे कुणालाच सांगता आलं नसतं. चिठ्ठीला पेशंटचा चेहरा दिसत नाही, म्हणून दोन्हीकडे म्हातारे, पोरं, उशिरा आलेले, लवकर आलेले साधारण सारखे वाटले जातात. त्यातही ठराविक संख्येच्या गठ्ठ्यांनी वाटलं, उदाहरणार्थ चारचा गठ्ठा असेल तर दोन इकडचे दोन तिकडचे, म्हणजे गट सारखे राहतात.

आणि प्रतिविष न मिळालेल्या गटाला नुसतं पाणी दिलं नाही हेही लक्षात घ्या. प्राझोसिन काम करतं हे माहीत असताना ते रोखून धरणं म्हणजे माणसाशी खेळ, म्हणून तुलना हातात असलेल्या चांगल्यात चांगल्या उपचाराशी केली. एथिक्स कमिटीची परवानगी घेतली. मोजायचं काय हेही ठरलेलं होतं: उपचार दिल्यावर १० तासांनी घाम, लाळ, गार हातपाय, बीपी, नाडी हे सगळं पूर्ण ठीक झालेले किती. हे आधी ठरवावं लागतं, कारण नंतर ठरवलं तर आठव्या, बाराव्या, विसाव्या तासाला बघत बघत जिथे फरक सुंदर दिसतो तोच तास निवडायचा मोह होतो. म्हणूनच आपल्याकडे २००७ पासून सीटीआरआय नावाची सरकारी नोंदवही आहे आणि २००९ पासून ट्रायल सुरू करण्याआधी तिथे नोंद करायची सक्ती आहे.

निकाल असा. १० तासांनी दोन्ही औषधं मिळालेल्या ३५ पैकी ३२ पूर्ण ठीक, आणि नुसतं प्राझोसिन मिळालेल्या ३५ पैकी ८. पहिला गट सरासरी ८ तासांत बरा झाला, दुसऱ्याला साडेसतरा तासांच्या वर लागले. प्राझोसिनच्या गोळ्याही निम्म्या लागल्या, सरासरी चारच्या जागी दोन. प्रतिविषाने काहीच होत नसतं तर नुसत्या योगायोगाने ३२ विरुद्ध ८ असा निकाल लाखात एकदाही पडला नसता.

पण मग ट्रायलमधून काय कळलं नाही, ते वाचायला शिकलो तेव्हाच मला ट्रायल खऱ्या अर्थाने कळली असं मी म्हणेन. यात डॉक्टरला माहीत होतं कोणाला काय दिलंय. घाम थांबला, पाय गरम लागले हे शेवटी हात लावून ठरवायचं असतं, आणि मनातून प्रतिविषाकडे कल असेल तर हातही जरा त्या बाजूला झुकू शकतो, अगदी प्रामाणिक माणसाचासुद्धा. इतक्या मोठ्या फरकाला तेवढं झुकणं पुरेल असं मला वाटत नाही, पण मुद्दा खरा आहे. शिवाय ही ट्रायल बरं व्हायला किती वेळ लागतो त्याची होती, जीव किती वाचतात त्याची नव्हे. आज मृत्यू शंभरात एखादाच असेल तर ७० जणांत तो फरक दिसणारच कसा? फुफ्फुसात पाणी भरलेले पेशंट यात घेतलेलेच नव्हते, त्यामुळे त्यांच्याबद्दल ही ट्रायल काही बोलत नाही.

सुरक्षिततेचं तर आणखी अवघड. घोड्याच्या रक्तातून आलेल्या औषधाने अ‍ॅलर्जी होऊ शकते, क्वचित जिवावर बेतणारी. समजा ३५ जणांना एखादं औषध दिलं आणि एकालाही रिअ‍ॅक्शन आली नाही, तर ते सुरक्षित म्हणायचं? यावर एक सोपा हिशोब आहे, तीनला माणसांच्या संख्येने भागायचं. ३ भागिले ३५ म्हणजे साधारण ८ ते ९ टक्के, खरा धोका तेवढा असला तरी ३५ जणांत तो एकदाही न दिसणं अगदी शक्य आहे. हजारात एकाला होणारा त्रास पकडायचा तर तीन हजार माणसं लागतात. म्हणून औषध बाजारात आल्यावरही डॉक्टरांनी साइड इफेक्ट कळवत राहायचं असतं, आणि आपल्याकडे तेच सगळ्यात कमी होतं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

एका दवाखान्याचा निकाल दुसरीकडे टिकतो का हेही बघावं लागतं. पुदुच्चेरीच्या जिपमेर या सरकारी वैद्यकीय संस्थेत लहान मुलांवर हीच तुलना केली, ती २०१४ साली प्रसिद्ध झाली, तिथेही दोन्ही मिळालेली मुलं लवकर बरी झाली. अमेरिकेत अ‍ॅरिझोनात तिथल्या विंचवावर फक्त १५ मुलांची ट्रायल झाली, २००९ साली. प्रतिविष मिळालेली ८ च्या ८ मुलं चार तासांत ठीक आणि नुसतं प्लासिबो, म्हणजे औषधासारखं दिसणारं पण औषध नसलेलं, मिळालेल्या ७ पैकी १. पण ट्युनिशियात बघा. १९९९ च्या लॅन्सेटमध्ये तब्बल ८२५ पेशंटांची ट्रायल आली, तीही अशी की डॉक्टरलाही माहीत नाही बाटलीत काय आहे, म्हणजे रचना महाडपेक्षा कडक, आणि प्रतिविषाचा काहीच फायदा दिसला नाही.

मग खरं कोण? माझ्या मते दोघंही. ट्युनिशियात विष किती चढलंय ते न बघता सगळ्यांनाच दिलं होतं, आणि आपण वर बघितलंच की बहुतेक जण काही न करताही बरे होतात. जे आपोआप बरे होणारच होते त्यांना औषध देऊन फायदा दिसणार कुठून? तिथला विंचूही वेगळा आणि प्रतिविषही वेगळं. त्या ट्रायलने प्रतिविष निकामी ठरवलं नाही, विंचू चावला की सरसकट टोचायची पद्धत निकामी ठरवली. माझ्या काकूला त्या रात्री प्रतिविष दिलं असतं तर त्याचा उपयोग शून्य झाला असता आणि घोड्याच्या औषधाचा धोका तेवढा पदरात पडला असता.

बावस्करांनी टिपलेली एक खूण मला कायम आठवते. औषध लागू पडायला लागलं की पेशंटचा घाम आटतो, पाय कोमट लागतात, आणि मघापासून काही न बोलणारा माणूस सांगतो की डंखाची जागा आता ठणकायला लागलीय. तिथे दुखणं परत येणं हे बरं होण्याचं लक्षण. गावाला आता कुणाला चावला की फोन येतो तेव्हा मी दुखतंय का हे विचारतच नाही, घाम येतोय का आणि पाय गार पडलेत का एवढंच विचारतो, आणि दोन्हीला हो म्हणाले की गाडी काढायला सांगतो.